कलमी गाडीचा नंबर

जुनी स्पोर्ट गाडी सांभाळायची तर पुस्तक, पत्ते आणि सबुरी लागते, असं मला एका पुणेकरानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं. पुस्तक म्हणजे कंपनीनं त्या काळी छापलेलं दुरुस्तीचं पुस्तक. त्याची झेरॉक्स मिळाली. पत्ते म्हणजे कुठला भाग कोण विकतं, कोण बनवून देतं त्याची यादी. ती मी स्वतः वहीत जमवली. तिसऱ्या वस्तूचं दुकान मला आजवर सापडलेलं नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. पोरांना रोज सांगतो, कानस घाईत मारू नका, आधी माप घ्या, मग हात चालवा. मी स्वतः मात्र चहा थंड व्हायची वाट न बघता जीभ भाजून घेणारा माणूस. दाढी करताना मधेच उठून फोन घेतो. भाजी चिरायला बसलो तर निम्म्यातून नळ दुरुस्त करायला जातो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय अन् डोक्याला पंखा." खोटं नाही. आमच्या साखरा गावच्या घरी आई सांगायची, हे लेकरू पाळण्यातसुद्धा झोके संपायच्या आत रडायचं.

तर अशा माणसाच्या हाती ती गाडी आली.

गाडी माझी नव्हती, डॉक्टरसाहेबांची होती. डॉक्टरसाहेब म्हणजे वसमतला आयुष्यभर सर्जन म्हणून राबलेला, आता हट्ट्याला आपल्या शेतातल्या घरी राहणारा म्हातारा माणूस. वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ. डोळ्याचा पडदा खराब झालेला, त्यामुळं समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या खांद्यापलीकडं बघत बोलतात. मी सात-आठ वर्षांचा असताना माझं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं, आणि बापाला म्हणाले होते, राहू द्या पैसे, पोरगं शिकवा. म्हणून ते मला अजून "तू" म्हणतात, आणि त्यांनी काही सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

गाडी दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, वर कापडाचं टप, तारांच्या आऱ्यांची चाकं. परदेशी बनावटीची. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ती हैदराबादहून जुनी म्हणून विकत आणली, आणि त्याच आठवड्यात वसमतच्या नाक्यावरच्या एका मिस्त्रीनं खाली वाकून बघून जाहीर केलं की हिला वरून स्पोर्टचं अंग आहे, पण खालचा सांगाडा त्याच कंपनीच्या साध्या चार दारी गाडीचा आहे. म्हणजे कुणीतरी दोन मोडक्या गाड्या जोडून एक केलेली. आमच्याकडं आंब्याची कलमं बांधणारे पुष्कळ. नाव तयारच होतं. तेव्हापासून ती "कलमी गाडी" झाली.

हे नाव किती चिकटलं म्हणाल, तर पत्ता सांगताना लोक सांगायचे, कलमी गाडीवाल्या डॉक्टरचा दवाखाना. पेशंट टेबलावर झोपलेला असताना विचारायचा, "डॉक्टरसाहेब, माझं पोट बी कलम करून राहिले का?" ते हसायचे. पण पुढं पुढं गाडी बाहेर काढेनासे झाले. हट्ट्याला शेडमध्ये उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. कोंबड्यांनी मागच्या डिकीत अंडी घातली.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. ताडपत्री बाजूला करून म्हणाले, "हिला उभी कर. नांदेडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरून राहिलं दरवर्षी. तिथं जाणकार परीक्षक येतात. त्यांच्यासमोर न्यायची. त्यांनी एकदा म्हणावं की गाडी असली हाय. मंग मी मेलो तरी चालंल."

"गावाचं काय मनावर घेता डॉक्टरसाहेब," मी म्हणालो.

"तुला कुणी चाळीस वर्षं बनावट फिटर म्हणलं असतं तर?"

मी लगेच कपडे बदलायला गेलो. म्हणजे तोंडानं हो म्हणायच्या आधीच.

त्या दिवसापासून माझ्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली कार्ब्युरेटर, पलंगाखाली बंपर आणि तांदळाच्या डब्यात कागदात गुंडाळलेले पिस्टनच्या रिंगा होत्या. बायकोनं पहिल्या महिन्यात भांडून घेतलं, नंतर तिनंच डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कारण मी कुठं काय ठेवलं ते मलाच आठवेना.

पत्त्यांची माझी वही मोठी गमतीची आहे. पुण्या-मुंबईचे हौशी लोक जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायचे, अमुक रबर विलायतेहून मागवा. मी दोन महिने वाट बघायची? मी ब्रेकची रबरं घेऊन सेनगावच्या जीपवाल्यांकडं गेलो, आणि त्यांच्या एका जुन्या मॉडेलचं रबर जरा घासलं तर चपखल बसलं. कापडाचं टप ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईनं शिवून दिलं. तिची शिवण पावसात गळत नाही, हे मला कापसाच्या गाड्या बघून माहीत होतं. रंग पुसायला ग्रुपवाले कसलं तरी महागाचं फडकं सांगायचे. आमच्याकडं जुन्या धोतरासारखं मऊ काही नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी ग्रुपवर धोतराचा फोटो टाकला. तिथं कुणी काही बोललं नाही.

तेलात भिजवून ठेवलेला गंजका स्क्रू रात्रभर तसाच राहू द्यावा, हे मी पोरांना शिकवतो. मी स्वतः दहा मिनिटांनी जाऊन त्याला पाना लावायचो आणि डोकं तोडायचो. मग तुटलेला स्क्रू ड्रिल करून काढायला अख्खा दिवस जायचा. अशा रीतीनं घाई करून मी दोन वर्षांचं काम साडेतीन वर्षांत केलं.

आता त्या पट्टीचं सांगतो.

अशा गाडीला नंबर दोन ठिकाणी असतो. एक, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर रिवेटनं बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची बोटभर पट्टी, तिच्यावर ठोकलेला. दुसरा, खाली लोखंडी सांगाड्यावरच ठोकलेला. पुणेकरानं समजावून सांगितलं होतं की पट्टी कुणीही काढून दुसरीकडं लावू शकतो, सांगाड्यावरचं काढता येत नाही. सुरुवातीची दोन अक्षरं कंपनीच्या सगळ्याच गाड्यांना सारखी असतात, पुढचे पाच आकडे त्या गाडीचे स्वतःचे. पट्टीवरचे आणि सांगाड्यावरचे आकडे जुळले की गाडी असली. परीक्षक तेवढंच आधी बघतो.

पट्टी आमच्याकडं होती. डॉक्टरसाहेबांना तिच्यावरचे पाचही आकडे तोंडपाठ होते. चार, एक, सात, नऊ, तीन. आरसी बुकातही तेच. सांगाड्यावरचा नंबर मात्र कुणी पाहिलेला नव्हता. त्यावर जुन्या रंगाचे आणि डांबरासारख्या घाणीचे थर बसले होते. तो मी रंगाच्या आधी साफ करून बघायला हवा होता. पण रंगाऱ्याची तारीख मिळाली होती, ती हुकली असती तर त्याच्याकडं लग्नसराईच्या जीपा लागल्या असत्या. मी म्हणालो, वरूनच लांबी म्हणजे पुट्टी भर, वरूनच रंग मार. त्यानं मारला. सुरेख मारला, गडद लाल.

पण पट्टीचा पराक्रम त्याच्याही आधीचा, हळदीच्या हंगामातला. वसमतकडं हळद काढली की उकडतात, वाळवतात, आणि मग लोखंडी जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये टाकून फिरवतात. तासाभरात वरची साल झडते आणि हळकुंड पिवळंधमक होतं. माझ्या एका मित्राकडं असा ड्रम आहे. त्याचा ड्रम फिरताना बघून माझ्या डोक्यात आलं, गंजके नट-बोल्ट हातानं घासत बसण्यापेक्षा ह्यात टाकावेत. आतून पत्रा लावला, नदीची वाळू आणि भुसा भरला, बोल्ट टाकले, मोटार सुरू केली. काय सांगू, बोल्ट असे निघाले की नवीन कोऱ्या डब्यातले वाटावेत, जरा पिवळसर. मी ग्रुपवर फोटो टाकला. ह्या वेळी सगळे बोलले. एकानं विचारलं, हे यंत्र कुठं मिळतं? मी लिहिलं, शेतात.

स्तुतीनं माणूस वाया जातो. दुसऱ्या खेपेला खिशात ती पट्टी होती. मळकी, काळपट. सगळं चकाचक झालेलं आणि हीच तेवढी मळकट काहून, असं वाटलं. टाकली ड्रममध्ये. पाच मिनिटांत काढायची होती. तेवढ्यात मित्रानं चहा आणला, हळदीच्या भावाचं बोलणं निघालं, मी एका जागी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी पाऊण तास बसलो, आणि तो असा.

ड्रम थांबवून पट्टी काढली तर आरसा झाली होती. माझंच तोंड तिच्यात दिसत होतं. रिवेटची दोन भोकं होती, बाकी काही नव्हतं. एक अक्षर नाही, एक आकडा नाही. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाइतकं टणक नसतं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. मित्र म्हणाला, "लई भारी चमकली की!" मी सरळ मोटारसायकलवर बसून निघालो, आणि हट्ट्याला न जाता उगीच परभणीच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन परत आलो.

पुढचे कितीतरी महिने मला नीट झोप नव्हती. डॉक्टरसाहेब विचारायचे, पट्टी कुठाय? मी म्हणायचो, ती सगळ्यात शेवटी लावतात. माझ्याकडं वर्कशॉपमध्ये अक्षरांचे आणि आकड्यांचे पंच आहेत. हातोडीचे सात ठोके, आणि पट्टी पुन्हा जिवंत. एका भंगाराच्या तुकड्यावर मी ठोकूनही पाहिलं. आकडे आमच्या पंचाचे, नवे, टोकदार. वर्गातल्या पोरानंही ओळखलं असतं. ज्या माणसाला चाळीस वर्षं बनावट म्हणून हिणवलं, त्याच्या गाडीला मी खरोखरीच बनावट नंबर ठोकायला निघालो होतो. तो तुकडा मी भट्टीत टाकला आणि पंचाच्या पेटीला कुलूप लावलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी हट्ट्याला गेलो. गाडी शेडच्या बाहेर उन्हात उभी होती. डॉक्टरसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू प्रदर्शन आजच आहे. मी गेल्या गेल्या सगळं सांगून टाकलं. ड्रम, चहा, पट्टी, सगळं. पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती अंगठ्यानं चोळली. उलटी करून चोळली.

"येवढी घाई काहून रे तुला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. "पोटातलं आतडं तासभर हातात धरून बसलो म्या, घाई न्हाई केली. तुला एक पट्टी धरवंना?"

"चुकलो डॉक्टरसाहेब."

मला उभं राहवेना. मी उगीच टायर दाबून पाहिला, मग दुसरा दाबला.

"बस एका जागी," ते म्हणाले. मी मातीतच बसलो. मग ते खांद्यापलीकडं बघत हळूहळू बोलायला लागले. "खालचा नंबर म्या कधी पाह्यला न्हाई. त्या मिस्त्रीनं म्हणलं त्याच दिवशी पाहता आला असता. रॉकेलचा एक बोळा, दहा मिनिटांचं काम. गावाचं तोंड बंद झालं असतं. पण न्हाई पाह्यला."

"का?"

"नसता जुळला तर?" ते म्हणाले. "पट्टी होती तोवर पट्टीवर भरोसा ठेवता येत होता. ती बी तू खाल्ली. आता खरवड."

मी बॉनेट उघडलं. पुस्तकाच्या झेरॉक्सवर जागा दाखवलेली होती, उजव्या बाजूला सांगाड्याच्या आडव्या दांडीवर. त्या गडद लाल रंगावर खरवडायची पत्री टेकवताना माझ्याच कातडीवर टेकवल्यासारखं झालं. लाल रंग निघाला, खाली लांबी, खाली जुना हिरवट रंग, खाली काळी घाण. रॉकेलचा बोळा फिरवला. दोन अक्षरं आली. बरोबर तीच.

"अक्षरं बराबर हायेत," मी म्हणालो.

"ती सगळ्यांनाच असतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते. "पहिला चार."

मी खरवडलं. "चार."

"एक."

"एक," मी म्हणालो. मला वाटलं, जुळतंय, सगळं जुळतंय.

"सात."

मी बोळा फिरवला. तिथं दोन होता. मी पुन्हा पुसलं, मान तिरपी करून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं. वर गोलसर, खाली सपाट पाय पसरून मजेत बसलेला दोन. गावानं चाळीस वर्षं सांगितलं होतं ते लोखंडावर लिहिलेलं होतं.

"सात ना?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं. ते माझ्या डाव्या खांद्यापलीकडं बघत होते. चेहरा शाळेतल्या निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा झाला होता.

माझ्या तोंडात कुठलीच गोष्ट राहत नाही. बहिणीचं लग्न ठरल्याचं मी पाहुणे जायच्या आत गावभर केलं होतं. पण त्या वेळी माझं तोंड माझं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय. सात."

"नऊ."

"नऊ," मी खरवडायच्या आधीच म्हणालो.

"तीन."

"तीन. बराबर हाय डॉक्टरसाहेब. पाचही जुळले."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मी झटकन रंगाची डबी उघडली. ते म्हणाले, "काय करतोस? झाकू नको. उद्या परीक्षकाला दाखवायचं हाय. गाडी आज हितंच राहू दे."

मी घरी कसा आलो मला आठवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं केलं तुमी. म्हाताऱ्या माणसाला खरं सांगून काय मिळणार?" मला ते पटलंही आणि पटलंही नाही. मी जेवणावरून दोनदा उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नांदेडला निघालो, मी चालवत, ते शेजारी. टप खाली केलं होतं. त्यांनी डोक्याला मफलर बांधला होता. रस्त्यानं एसटीतली माणसं वाकून बघत होती, पोरं हात करत होती, आणि डॉक्टरसाहेब प्रत्येकाला हात करत होते, दिसत नसूनही. मी मनात एकच म्हणत होतो, परीक्षक आजारी पडावा, किंवा गाडी बंद पडावी. गाडी अजिबात बंद पडली नाही. रस्त्यात पाटी होती, अति घाई संकटात नेई. मी मुद्दाम तिच्याकडं बघितलं नाही.

मैदानावर पंचवीस-तीस गाड्या होत्या. परीक्षक साठीतला, टोपी घातलेला, हातात तक्ता आणि बॅटरी. त्यानं आमच्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आरे मोजले, बोल्टांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कशानं साफ केलंत?" एरवी मी तासभर बोललो असतो. मी नुसतंच "वाळूनं" म्हणालो. मग त्यानं ती आरशासारखी पट्टी पाहिली आणि भुवया वर केल्या.

"ती माझ्या माणसाची चूक हाय," डॉक्टरसाहेब पुढं होऊन म्हणाले. "पण खालचा नंबर बघा. चार, एक, सात, नऊ, तीन. आरसी बुक हे घ्या. जुळवून बघा, अन् मोठ्यानं सांगा."

परीक्षक वाकला. बॅटरी लावली. तो वाकलेलाच थांबला. त्यानं आरसी बुक पाहिलं, परत खाली पाहिलं, आणि मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरसाहेबांच्या पाठीमागं उभा होतो. मी हात जोडले. पन्नाशीचा माणूस, सरकारी नोकर, भर मैदानात पासापुरते मार्क मागणाऱ्या पोरासारखा हात जोडून उभा होतो.

परीक्षकानं बॅटरी विझवली. "हो, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "जुळतो."

"असली हाय?"

"असली आहे."

त्यानं तक्त्यावरची नंबराची जागा मोकळी सोडली, हे मी पाहिलं. पुढच्या गाडीकडं जाताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बक्षिसात धरता येणार नाही." मी म्हणालो, नकोच. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. दिवसभर लोक गाडीबरोबर फोटो काढत राहिले. डॉक्टरसाहेब खुर्चीवर बसून होते, गप्प. मला वाटलं, समाधानानं गप्प आहेत. माझा जीव जरा खाली बसला. मी पहिल्यांदाच सावकाश चहा प्यालो.

परतताना उन्हं कलली होती. वसमतच्या अलीकडं ते म्हणाले, "बाजूला घे."

मी गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली. वाटलं, त्यांना लघवीला जायचं असेल. ते उतरले नाहीत.

"तिसरा आकडा दोन हाय," ते म्हणाले.

इंजिन चालू होतं. मी ते बंद केलं.

"काल तू गेल्यावर म्या हात फिरवून पाह्यला. शेवटचे दोन तर तू खरवडले बी नव्हते. मीच खरवडले. ते बी दुसरेच हायेत."

आत शेवटचे दोन आकडे उघडे झालेत, हे मी सकाळी बॉनेट उघडताना पाहिलंसुद्धा नव्हतं. "मंग त्या परीक्षकाला काहून दाखवलं?" मी विचारलं.

"म्हणलं, हा तरी सांगंल. परका हाय, जाणकार हाय, त्याला माझी दया यायचं कारण न्हाई. म्या ऐकायला तयार होऊन गेलो होतो रे. रात्रभर मनाची तयारी केली. त्यानं बी खोटंच सांगितलं." त्यांनी मफलर सोडला. "तू हात जोडले असशील."

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, पट्टी पुसली तेव्हाही नाही.

"म्या पेशंटला सांगायचो, तुला कॅन्सर हाय. तोंडावर सांगायचो. लोक रडायचे, पण सांगायचो. अन् मला एका लोखंडाच्या तुकड्याबद्दल कुणी खरं सांगंना. चाळीस वर्षं गावाला म्या खोटं समजलो. गावच तेवढं खरं बोलत होतं. चल, नाक्यावरून घे. त्या मिस्त्रीकडं."

तो मिस्त्री अजून नाक्यावर बसतो. आता गॅरेज त्याचा मुलगा बघतो, हा बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतो. आम्ही गाडी समोर उभी केली तशी आजूबाजूची पाच-सहा म्हातारी माणसं गोळा झाली. सगळी त्याच वयाची, सगळ्यांनी "कलमी" म्हणून टाळ्या दिलेल्या. गाडी लाल, बंपर चमकणारं.

डॉक्टरसाहेब काठी टेकत उतरले. मिस्त्री बाजेवरून धडपडत उठला.

"तू बराबर होतास," डॉक्टरसाहेब त्याच्या खांद्यापलीकडं बघत मोठ्यानं म्हणाले. "नंबर पाह्यला म्या. कलमीच हाय गाडी. येवढ्या वर्षांत तुला शिव्या दिल्या मनात, त्या माफ कर."

मिस्त्रीनं गाडीकडं पाहिलं. डॉक्टरसाहेबांच्या काठीकडं, इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून त्याला सांगायचा प्रयत्न केला, नको, खरं बोल. पण त्याला ते उलटंच कळलं असावं.

"न्हाई हो डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "म्या तवा गमतीनं म्हणलो होतो. मला काय कळतंय? गाडी असलीच हाय तुमची."

"शंभर टक्के असली," दुसरा म्हणाला.

"आमी तर पहिल्यापासून म्हणत होतो," तिसरा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

डॉक्टरसाहेबांनी हातानं चाचपत गाडीचं दार शोधलं, आत बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल. आता गाव बी गेलं."

मी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली, पण मला गिअर सापडेना.